आवाजाचा पन्हा

बायकोला कमी ऐकू यायला लागलंय, अशी माझी पक्की खात्री झाली होती. मी काही बोललो की ती स्वयंपाकघरातून "काय म्हणालात?" विचारायची. मी पुन्हा सांगायचो, ती पुन्हा विचारायची, तिसऱ्यांदा माझा पारा चढायचा. वर्षभर हे चाललं. शेवटी मीच तिला कान तपासायला घेऊन गेलो. आमचं घर बेळगावात, वडगावला. खाली चार पॉवरलूम, वर आम्ही. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या खडखडाटात बसून तिनं सुताच्या कांड्या भरल्यात. तिचे कान जाणार नाहीत तर कुणाचे, असा माझा हिशेब.

तपासणाऱ्या बाई तरुण, मूळच्या धारवाडकडच्या, म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत शिकून आलेल्या. त्यांनी हिला बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. बऱ्याच वेळानं कागद घेऊन बाहेर आल्या. "काकू, वयाच्या मानानं कान चांगले आहेत तुमचे." मग माझ्याकडे वळल्या, "काका, तुम्ही इतकं हळू कधीपासून बोलता?"

मी म्हणालो, नेहमीसारखंच बोलतोय. तेवढं ऐकायलासुद्धा त्यांना टेबलावरून पुढं वाकावं लागलं. ते वाकणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मला पार्किन्सन आहे हे तोवर तीन वर्षं माहीत होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखी हलायची, तिथून सुरुवात. गोळ्या चालू होत्या, हात बराच आटोक्यात होता, चालणं सावकाश पण ठीक होतं. कंप म्हणजेच आजार, अशी माझी समजूत. आवाजाबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? माझ्या कानाला माझा आवाज जसाच्या तसा येत होता. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर पहिल्यांदा लिहिलं, तेव्हाच रुग्णाचं बोलणं कळेनासं होतं हेही त्यांनी नोंदवून ठेवलंय. दोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट मला कान तपासायच्या खोलीत कळली. आपल्याकडे कान आणि वाचा या दोन्हींचं शिक्षण एकाच पदवीत होतं. तेवढ्यामुळं योग्य माणसासमोर मी चुकून जाऊन बसलो होतो.

बाईंनी मला कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. हिशेबाच्या वह्या मी चाळीस वर्षं लिहिल्या, अक्षर टपोरं. आता पहिला शब्द बरा आला, पण ओळ संपेपर्यंत अक्षर मुंगीएवढं झालं. मग त्यांनी मला दारापर्यंत चालवलं. पावलं लहान, उजवा हात अंगाला चिकटलेला. मग म्हणाल्या, तुमचा आवाज याच रांगेतला आहे. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य करणाऱ्या पेशी कमी होतात आणि हालचालीचं मापच लहान पडतं. अक्षर लहान, पाऊल लहान, आवाज लहान. वाईट भाग असा की तो मेंदू आतून सांगत राहतो, माप बरोबर आहे.

मी विणकर माणूस. मला ते लगेच समजलं. बाण्याचं, म्हणजे आडवं सूत जास्त ताणलं गेलं की कापड कडेनं आत ओढत जातं, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी आखडते. मागासमोर उभं राहून डोळ्यांनी बघितलं तर काही कळत नाही, कापड छान दिसतं. टेप लावला की कळतं, ४५ इंच पाहिजे तिथं ४३ आलाय. माझ्या आवाजाचा पन्हा आखडला होता आणि मी टेप लावलाच नव्हता.

त्याच बैठकीत दुसरं एक कोडं सुटलं. माझ्याकडे बसू नावाचा जुना कामगार आहे. घरी माझं कुणाला ऐकू येत नाही म्हणून भांडणं, पण खाली माग चालू असताना मी बसूला धोटा बघ म्हटलं तर तो लगेच वळायचा. मग आवाज गेला कुठं? मी हे बाईंना विचारलं तर त्यांचे डोळे चमकले. भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज त्याच्या नकळत चढतो. एटिएन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ साली हे मांडलं, त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं. पार्किन्सनमध्येही ते चालू राहतं. म्हणजे माझ्या छातीत आवाज शाबूत होता. मागाचा खडखडाट त्याला बाहेर ओढत होता. जिना चढून शांत खोलीत आलो की तो पुन्हा आत जाऊन बसायचा. आवाज आहे, हे कळल्यावर मला जो धीर आला तो गोळ्यांनीही कधी आला नव्हता. एक खरं आहे, गोळ्यांनी हातापायाला जेवढा उतार पडतो तेवढा आवाजाला भरवशानं पडत नाही. त्यासाठी मेहनतच करावी लागते.

तरी मी दोन महिने टाळाटाळ केली. मेहनतीला लावलं ते दुसऱ्याच प्रसंगानं.

एका कार्यालयात नावाच्या दुरुस्तीसाठी गेलो होतो, सोबत मुलगा. खिडकीवरच्या माणसाला मी कन्नडमध्ये सगळं सांगितलं. तो "एन री?" म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. मग त्यानं माझ्याकडं बघणंच सोडलं आणि मुलाला विचारलं, "अप्पाग कन्नड बरंगिल्लेनु?" वडिलांना कन्नड येत नाही का? मी बेळगावात जन्मलो. मराठी घरातली, कन्नड बाजारातली. गदग, बागलकोटकडच्या साडी व्यापाऱ्यांशी चाळीस वर्षं मी कन्नडमध्येच भाव ठरवले. आमच्या या भागात माणूस तोंड उघडतो तेव्हा तो कुठल्या भाषेत उघडतो याकडं समोरच्याचं आधी लक्ष जातं. अडखळला, पुटपुटला, तर त्याचा अर्थ आजार असा कुणी लावत नाही. भाषा येत नाही किंवा बोलायची नाही, असाच लावतात. त्या माणसाचा दोष मी धरत नाही, त्याला ऐकूच आलं नव्हतं. पण माझ्यासमोर माझ्याबद्दल माझ्या मुलाशी बोललेलं मला फार लागलं. घरी येईपर्यंत रिक्षात मी एक शब्द बोललो नाही. मुलगा म्हणाला, "अप्पा, उद्या त्या बाईंना फोन करूया."

बाईंनी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. दुर्बिणीनं स्वरयंत्र बघितल्याशिवाय जोराचे व्यायाम द्यायचे नाहीत, असा त्यांचा नियम आणि तो बरोबरच आहे. तिथं गाठ, सूज काही नाही असं निघालं. बोलताना दोन्ही पडदे मध्ये नीट मिटत नव्हते, फट राहत होती, तिथून नुसती हवा जायची.

या व्यायामांची पद्धत अमेरिकेतली. अ‍ॅरिझोनात ली सिल्व्हरमन नावाच्या बाईंना पार्किन्सन होता. त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू यावं एवढीच घरच्यांची इच्छा होती. १९८७ मध्ये लॉरेन रॅमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून हे उपचार उभे केले आणि त्या बाईंचंच नाव दिलं. मूळ पद्धतीत आठवड्याला चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे, एकूण १६ बैठका आणि शिवाय घरचा अभ्यास. मला तेवढ्या बैठका जमल्या नाहीत. आमच्या बाईंनी त्याच धर्तीवर माझ्यापुरतं बसवून दिलं. थोड्या बैठका त्यांच्याकडे, काही व्हिडिओ कॉलवर, बाकी घरी.

त्यांची सूचना एकच: मोठ्यानं. सावकाश बोला, स्पष्ट बोला, तोंड उघडा असं दहा ठिकाणी लक्ष द्यायला लावलं नाही. आवाज मोठा काढायला गेलं की तोंड आपोआप उघडतं, जीभ नीट लागते, श्वास भरावाच लागतो. हे मी करून बघितलंय म्हणून सांगतोय. माझी 'क', 'ट', 'प' ही अक्षरं बोथट झाली होती, 'कापड' म्हटलं की 'हाफड' ऐकू यायचं. 'क'चा वेगळा सराव मी केलाच नाही. जोर आला तशी तीही परत आली.

घरी सकाळी सातची गोळी घेतो. लेवोडोपाची गोळी जेवणासोबत घेतली की, विशेषतः डाळ-दुधासारखं प्रथिनांचं खाल्लं की, नीट लागत नाही, म्हणून ती आधी आणि नाश्ता नंतर. आठच्या सुमारास अंग मोकळं होतं, तेव्हा बसतो. पाठीला टेकण नसलेली लाकडी खुर्ची, दोन्ही पावलं जमिनीला. समोर स्टुलावर मोबाईल, तोंडापासून फूटपट्टीनं मोजून एक फूट. मोबाईलवर आवाज डेसिबलमध्ये मोजायचं अ‍ॅप आहे. प्रत्येक फोनचा आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून फोन तोच, अंतर तेच, खोली तीच. बाजूला पाण्याचा तांब्या.

पहिला व्यायाम 'आ'. पोटापर्यंत श्वास भरायचा आणि एकाच पट्टीत, थरथर न करता, दम संपेपर्यंत 'आ' लावायचा. पंधरा वेळा. पहिल्या दिवशी माझा 'आ' सहा सेकंदांत संपला, आकडा ६३. मग 'आ' खालून वर चढवायचा, घाटात गाडी चढावी तसा, आणि वर जाऊन थांबायचा. मग वरून खाली. तेही पंधरा-पंधरा वेळा. वर जाताना आवाज फाटायचा, फाटू द्या म्हणाल्या.

पहिले चार दिवस मी चुकीचं केलं. मोठा आवाज म्हणजे घसा आवळून ओरडणं, असं मी धरलं. पाचव्या दिवशी घसा बसला, गिळताना टोचायला लागलं. बाईंनी फोनवर ऐकलं आणि दोन दिवस सगळं बंद करायला लावलं. मग पोटावर हात ठेवून शिकवलं. हाताखालचं पोट आत गेलं पाहिजे, मानेच्या शिरा दिसता कामा नयेत. लांबच्या माणसाला हाक मारताना घसा आवळत नाही आपण, तोंड मोकळं सोडतो, तसं. आमच्या गल्लीच्या टोकाला पाणी आलं की बायका कशा हाक देतात, ते डोळ्यांसमोर आणलं आणि मला जमलं. व्यायामानं घसा दुखत असेल तर पद्धत चुकतेय, दम धरून पुढं रेटू नका. विचारा.

पण या सगळ्यात अवघड घसा नव्हता, कान होता. बाई म्हणायच्या, अजून मोठ्यानं. मी काढायचो, आणि मला अगदी लाज वाटायची, आपण कुणावर तरी भांडायला उठल्यासारखे ओरडतोय असं वाटायचं. एकदा त्यांनी तेच बोलणं माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि लगेच ऐकवलं. मी ऐकत राहिलो. ओरडणं कुठंच नव्हतं. एक साधा माणूस चारचौघांसारखा बोलत होता. सुताचा दर सांगत होता. चार वर्षांपूर्वीचा मी. माझे डोळे भरून आले, बाईंनी काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढं केला.

त्या दिवसापासून मी माझ्या कानावर विश्वास ठेवणं सोडलं. आतून 'फार झालं, फार झालं' असं वाटायला लागलं की समजायचं, आता बरोबर बोलतोय. हे वाचायला सोपं आहे, करायला नाही. आयुष्यभर ज्या कानानं आपण स्वतःला मोजलं तो खोटं सांगतोय हे रोज सकाळी नव्यानं मान्य करावं लागतं. घरच्यांनाही सांगून ठेवावं लागतं. पहिल्या आठवड्यात सून घाबरली होती, मामांजी चिडलेत म्हणून. एक तर चेहरा या आजारानं आखडलेला, हसू उमटत नाही, त्यात आवाज चढलेला. तिला मुलानं समजावलं.

दहा वाक्यांचा भाग मला सगळ्यात आवडता. रोज आपल्या तोंडी येणारी दहा वाक्यं निवडायची आणि प्रत्येक पाच वेळा पूर्ण जोरात म्हणायची. म्हणजे ती वाक्यं तरी दिवसभरात, लक्ष नसताना, मोठ्यानं यायला लागतात. बाईंकडे छापील यादी होती, इंग्रजी आणि कन्नड. त्या म्हणाल्या, ही सोडा, तुमची तुम्ही करा. मी सहा मराठी आणि चार कन्नड केली. "कोण आलंय?", "कांड्या भरल्या काय रे?", "बसू, तीन नंबर बंद कर", "जरा थांबा, सांगतो", अशी. कन्नडमधलं पहिलं वाक्य त्या खिडकीसाठी: "स्वल्प तडीरी, हेळतेनी." तेच वाक्य, जरा थांबा, सांगतो. दोन्ही भाषांत तेच लागतं मला. कन्नड वाक्यं बाईंनी माझ्याकडून जास्त घोटून घेतली आणि मराठी बोलायचा प्रयत्न करून माझ्याशी संवाद करायच्या. त्यांचं मराठी ऐकून मी नकळत मोठ्यानं दुरुस्त करायचो. तो त्यांचा डाव होता हे मला नंतर कळलं.

मग वाचन. पेपरातला एक रकाना उभं राहून मोठ्यानं. सुरुवातीला दुसऱ्या परिच्छेदापर्यंतच आवाज टिकायचा, मग ओळीगणिक खाली. माझ्या अक्षरासारखाच. त्यावर उपाय म्हणून मी पेन्सिलीनं दर चार-पाच शब्दांवर रेघ मारून ठेवतो, रेघ आली की थांबून श्वास. आणि पाढे. हे कुणी सांगितलं नाही, माझं मीच काढलं. शाळेत उभं राहून म्हटलेले पाढे जिभेवर बसलेत, त्यांना ठेका आहे, आठवावं लागत नाही, त्यामुळं सगळं लक्ष जोरावर राहतं. बेरीज-वजाबाकीपेक्षा मला अजून पावकी, निमकी, दिडकी येते. दिडकी म्हणायला लागलो की नात शेजारी येऊन उभी राहते, तिला इंग्रजी शाळेत हे नसतं. दीड, तीन, साडेचार, सहा. ती माझ्या जोरात जोर मिळवते. तिच्यासोबत म्हटलं की आकडा चार-पाचनं वर जातो.

महिन्याभरानं वहीत 'आ' तेरा सेकंद, ७७. बोलणं ५८ वरून ६८. दहाचा फरक म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट, असं बाईंनी सांगितलं. एक दिवस मोबाईल खाली मागाशेजारी धरला तर ९६. तिथं कान झाकायची सवय आम्ही कधी लावून घेतली नाही. बाईंनी माझेही कान तपासले, बारीक आवाज मला कमी ऐकू येतात. आता बसूला आणि मुलाला कानात घालायचे बोळे आणून दिलेत, घालतात की नाही यावर लक्ष ठेवतो.

गणपतीत वीस दिवस खंड पडला. घरात पाहुणे, गल्लीत मंडळाची धांदल, रात्री उशिरा झोप. गणपती गेल्यावर बसलो तर 'आ' आठ सेकंद. एवढ्या लवकर उतरेल असं वाटलं नव्हतं. तेव्हापासून पाहुणे असले तर गच्चीवर जाऊन करतो, पण करतो. खाडा झाला की वहीत तारीख लाल पेनानं लिहितो.

सगळं जमलंय असं नाही. संध्याकाळी गोळीचा जोर ओसरला की आवाज जातो, तेव्हा महत्त्वाचं बोलायचं नाही असं ठरवलंय. इचलकरंजीचा सूत व्यापारी फोन करतो, त्याला सकाळी नऊ-दहाचीच वेळ दिली आहे. लग्नाच्या पंगतीत, चार माणसं एकदम बोलत असताना, मध्ये शब्द टाकायला मला अजून उशीर होतो. तोंड उघडेपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. खाताना बोलत नाही. एकदा भात घशात अडकला, तेव्हापासून घास गिळून झाल्यावरच तोंड उघडायचं, असा बाईंचा दंडक आहे. गिळण्याचे स्नायू बोलण्याचेच, म्हणून पाणी पितानाही ठसका लागायला लागला तर लगेच कळवा असं त्यांनी बजावलंय.

दहा वाक्यांची यादी दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. गेल्या वेळी बदलताना मी हिला विचारलं, तुला कुठलं वाक्य पाहिजे? मला वाटलं, जेवणाबद्दल काही म्हणेल. ती हातातली कांडी खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही बाहेर जाताना सांगून जाता ते." मी सांगूनच जातो, मी म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही सांगत असाल, मला ऐकू आलेलं नाही. किती वेळा घरभर बघितलंय मी, खाली जिन्यात पडला नसाल ना म्हणून. हे तिनं मला तोवर कधी सांगितलं नव्हतं.

आता यादीत ते पहिलं आहे. काल दुपारी पाऊस भुरभुरत होता. चपला घातल्या, जिन्याच्या कठड्याला हात ठेवला, पोटापर्यंत श्वास भरला आणि म्हणालो, "अगं, मी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो." खाली चारही माग चालू होते.

"या," आतून आवाज आला. "छत्री घेऊन जावा."